आधी तुरटी छापा, मग रंग: किनाऱ्यावरच्या नक्षीपासून पक्क्या ठसेछपाईपर्यंत

नैसर्गिक रंगाची छपाई घरी करून पाहणाऱ्या बहुतेक जणी एकाच ठिकाणी फसतात. मंजिष्ठाची (लाल रंग देणाऱ्या मुळाची) पूड आणून डिंकाच्या पाण्यात कालवतात, ठसा बुडवून कापडावर उठवतात, वाळलं की इस्त्री फिरवतात. छाप सुंदर दिसतो. पहिल्याच धुण्यात बादलीभर लाल पाणी निघतं आणि कापडावर मळकट गुलाबी डाग उरतो. मग समजूत होते की नैसर्गिक रंग कच्चेच असतात.

रंग कच्चा नव्हता, क्रम उलटा झाला होता. या पद्धतीत ठशाने रंग छापत नाहीत. ठशाने तुरटीची किंवा लोखंडाची पेस्ट छापतात, आणि तुरटीची तर जवळपास दिसतही नाही. मग सगळं कापड रंगाच्या पाण्यात शिजवतात. जिथे तुरटी बसली तिथे रंग धरतो, बाकीची जागा फिकी राहते. तुरटी आणि लोखंड ही रंगबंधकं. रंगाचा कण आणि सुताचा धागा यांना बांधून ठेवणारी गाठ तीच.

पुढची सगळी मापं ५०० ग्रॅम कोरड्या सुती कापडासाठी आहेत, म्हणजे साधारण चार मीटर पॉपलिन. तुमचं कापड कमी-जास्त असेल तर त्या प्रमाणात बदला. पण कापड वजन काट्यावर करा, मीटरवर जाऊ नका. खादीचा आणि मलमलचा एक मीटर सारखा भरत नाही.

## १. हंगाम, पाणी आणि वाळत घालायची जागा

कोकणात हे काम नोव्हेंबर ते मार्च करावं. पावसाळ्यात छापलेली पेस्ट दोन-दोन दिवस चिकट राहते, कडा पसरतात आणि हिरड्यात भिजवलेल्या कापडाला (तुरटी धरावी म्हणून छपाईआधी हिरडा देतात) बुरशी धरते. जून ते सप्टेंबर रेखाटनं करा, पानं ओळखायला शिका, ठसे कोरून घ्या.

पाणी तपासल्याशिवाय एकही पातेलं चुलीवर चढवू नका. आपल्याकडच्या जांभ्यातल्या विहिरींच्या पाण्यात लोह असू शकतं. टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या हिरड्याशी त्याची गाठ पडली की करडा-काळा रंग तयार होतो. खाडीजवळच्या विहिरी तर एप्रिल-मे महिन्यात मचूळ होतात.

तपासा: पांढऱ्या कपात विहिरीचं पाणी घ्या, त्यात चमचाभर हिरड्याचं गाळलेलं पाणी घाला आणि दहा मिनिटं थांबा. पिवळसरच राहिलं तर पाणी चालेल. करडी-निळसर झाक आली तर लोह आहे. मग पावसाचं साठवलेलं पाणी वापरा, किंवा दुसऱ्या विहिरीचं पाणी तपासून पाहा.

आता वाळत घालायची जागा. खाऱ्या वाऱ्यात आपल्याकडे सगळंच गंजतं. माझी पहिली मोठी ऑर्डर, पाच मीटरची एक साडी, हिरडा देऊन तारेवर घातली होती. चिमटे प्लॅस्टिकचे, पण त्यातली स्प्रिंग लोखंडी. संध्याकाळी काढायला गेले तर काठाजवळ एका ओळीत अकरा काळे ठिपके. प्रत्येक ठिपका मसुराएवढा आणि मधोमध गडद, जणू कुणी शाईचा टाक टेकवला होता. त्या दिवशी ते निघालेच नाहीत. म्हणून सुंभाची किंवा नायलॉनची दोरी बांधा, चिमटे लाकडी किंवा पूर्ण प्लॅस्टिकचे घ्या आणि कापड जांभ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) पसरू नका. लाल धूळ ओल्या हिरड्यावर बसली की डाग देते.

भांडी स्टीलची किंवा न टवकलेली एनॅमलची घ्या. लोखंडी कढई रंग काळवंडवते, तांब्याचं आणि अॅल्युमिनियमचं भांडंही रंग बदलतं. या कामाची भांडी वेगळीच ठेवा. त्यात पुन्हा स्वयंपाक करू नका.

## २. कोणता रंग टिकतो, ते नक्षीच्या आधी ठरवा

कोकणात राहून कोकमाने कापड रंगवायचा मोह होणारच. आगळ (कोकमाचा घट्ट रस) इतकं लालभडक असतं की ते कापडावर यावं असं वाटतं. पण कोकमातला, जांभळाच्या गरातला, जास्वंदीच्या पाकळीतला लाल-जांभळा रंग एकाच जातकुळीचा आहे. आंबटात लाल, साबणात निळसर-हिरवट आणि उन्हात राखाडी. तो कापडाला धरत नाही. बीटचा रंगही असाच जातो, जातकुळी वेगळी असली तरी. हळद धरते, पण ऊन लागलं की उडते. शेंद्रीच्या बियांचा केशरी रंगही उन्हात फिका पडतो. हे रंग विकायच्या कापडावर वापरू नका.

मीठ किंवा व्हिनेगर घातल्याने कच्चा रंग पक्का होतो, असं मलाही एका वर्गात शिकवलं होतं. तुरटी आणि टॅनिनवर चालणाऱ्या या पद्धतीत मीठ काही बांधत नाही. मी वर्षभर मीठ वाया घालवलं.

मग भरवशाचे रंग कोणते?

- मंजिष्ठा (काष्ठौषधींच्या दुकानात): तुरटीवर विटकरी लाल, लोखंडावर तपकिरी-जांभळट काळा.
- डाळिंबाची साल (रसवाल्याकडून फुकट): तुरटीवर पिवळा, लोखंडावर शेवाळी ते काळपट.
- कात: खैर आपल्याकडचाच. चिपळूणजवळ सावर्ड्याच्या बाजूला कात पाडतात. रंग खासा तपकिरी, पण कात सगळ्याच कापडाला धरतो, त्यामुळे जमीन (नक्षीमागची कोरी जागा) आणि नक्षी यांतला फरक कमी दिसतो. विड्याचा सुगंधी कात घेऊ नका, त्यात भेसळ आणि मसाला असतो.
- काजूगरावरची तांबूस फोलपटं: काजू सोलणाऱ्या कारखान्यात पोत्यांनी पडून असतात. त्यातलं टॅनिन बदामी-तपकिरी छटा देतं.
- नारळाचं सोडण: फिका बदामी. जमिनीच्या रंगासाठी बरा.

सावध: काजूची फोलपटं म्हणजे गरावरची पातळ साल. बाहेरचं जाड टरफल पातेल्यात जाऊ देऊ नका. त्यातलं तेल कातडी भाजतं, फोड येतात, आणि उकळताना येणारी वाफही डोळ्यांना झोंबते. पोतं आणलं की आधी सुपात पाखडून एखादं टरफल आलंय का ते पाहा.

सालीबद्दल एक आग्रह. ऐनाच्या, जांभळाच्या सालीत भरपूर टॅनिन आहे, पण उभ्या झाडाची साल काढू नका. पडलेल्या किंवा तोडलेल्या लाकडाची चालते. बारतोंडीच्या मुळांतून लाल रंग मिळतो, पण तिथे झाडच खणावं लागतं, म्हणून मी तो वापरत नाही. खारफुटीला तर हातही लावायचा नाही. तिची तोड कायद्याने बंद आहे.

## ३. नक्षी: आधी बघा, मग कमी करा

निसर्गावरून नक्षी काढायची म्हणजे फुलाचा फोटो जसाच्या तसा ठशावर उतरवायचा नाही. पेस्ट ओली असते, ती पसरते. मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ तुटते आणि दोन रेघांमधली मिलिमीटरपेक्षा अरुंद फट बुजते. म्हणून काय छापता येईल हे डोक्यात ठेवूनच बघायला बसायचं.

एक उदाहरण सांगते. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, वाळू ओली पण कडक असते तेव्हा, किनाऱ्यावर उकिडवं बसून पाहा. करंगळीच्या नखाएवढे खेकडे बिळातून बाहेर येतात, वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं चोखतात आणि उरलेल्या वाळूची गोळी मागे टाकतात. बिळापासून एक मोकळी वाट सरळ बाहेर जाते, तिच्या दोन्ही बाजूंना गोळ्यांच्या रांगा. थोड्या वेळाने खेकडा परत येतो आणि शेजारून नवी वाट धरतो. तासाभरात बिळाभोवती पंख्यासारखी रांगोळी तयार होते. भरती आली की सगळं पुसतं. या गोळ्या म्हणजे ठसेछपाईसाठी तयार मिळालेली नक्षी. ठिपका पेस्ट नीट धरतो, त्याला तुटायला रेघ नाही आणि एखादा ठिपका चुकला तरी डोळ्याला खुपत नाही.

माझ्या वहीत आणखी काय आहे: फांदीला चिकटून बसलेल्या सुरंगीच्या गोल कळ्या, सड्यावर (कातळाच्या पठारावर) ऑगस्ट-सप्टेंबरात फुलणारी सीतेची आसवं, रत्नागिरीच्या ‘काळा समुद्र’ नावाच्या किनाऱ्यावर लाटेने ओढलेले काळ्या वाळूचे पट्टे, चिखलातून वर आलेली पांढऱ्या चिप्पीची श्वसनमुळं. ही चिप्पी २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवन वृक्ष आहे. मुळं नुसत्या उभ्या रेघा आहेत, पण त्यांची उंची आणि दाटी कमी-जास्त केली की काठ तयार होतो.

क्रम असा ठेवा:

१. जागेवर बसून पेन्सिलीने पाच-सहा रेखाटनं. फोटो नंतर, तेही फक्त आठवणीसाठी.

२. घरी येऊन जाड ब्रशने आणि काळ्या शाईने तेच पुन्हा काढा. ब्रशला जे जमत नाही ते ठशालाही जमणार नाही.

३. आकृती दोन भागांत वाटा: बाह्यरेघ (लोखंडाची, काळी) आणि भराव (तुरटीचा, लाल किंवा पिवळा). नवशिक्यांनी दोनच ठसे ठेवावेत.

४. आकृतीच्या नऊ झेरॉक्स काढा आणि तीन-तीनच्या ओळीत जमिनीवर मांडा. मग मधली ओळ अर्ध्या आकृतीने खाली सरकवून पाहा.

तपासा: उभं राहून, डोळे किलकिले करून बघा. नको तिथे आडवे पांढरे पट्टे दिसतात का? एकच गोळा सगळीकडे टोचतो का? ही चूक कागदावर दोन मिनिटांत सुधारते. ठसा कोरून झाल्यावर ती कायमची.

ठसा सागवानी किंवा शिसवी लाकडाचा असावा. गुजरातेतलं पेथापूर या कामासाठी प्रसिद्ध आहे, पण गावातला लाकडावर बारीक काम करणारा सुतारही साधे ठसे करून देतो. कोरीव किमान पाव इंच खोल असू दे, नाहीतर खोबणीत पेस्ट साचते. नवा ठसा आठ-दहा दिवस तेलात बुडवून ठेवा आणि पुसून घ्या. कोरडं लाकूड पेस्टमधलं पाणी पिऊन फुगतं आणि तडकतं.

## ४. कापडाचा मळ काढणं

हा टप्पा सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि निम्म्या चुका इथेच होतात. दुकानातलं कोरं कापड स्वच्छ दिसतं, पण त्यावर गिरणीची खळ, मेण आणि तेल असतं.

आधी कापड सुतीच आहे ना ते पाहा. कडेचा एक धागा जाळा. सुताची भुरभुरीत राख होते. कडक मणी तयार झाला तर पॉलिस्टर मिसळलेलं आहे, त्याच्यावर वेळ घालवू नका.

मोठ्या पातेल्यात १० ते १५ लिटर पाणी, २० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडा साधा साबण. कापड आधी भिजवून घाला आणि मंद उकळीवर तासभर, मधूनमधून खालीवर करत शिजवा. पाणी चहासारखं पिवळं-तपकिरी होईल. फारच गढूळ झालं तर पाणी बदलून पुन्हा शिजवा. मग स्वच्छ पाण्यात सोड्याचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत खळबळा.

तपासा: वाळलेल्या कापडावर बोटाने पाण्याचा थेंब सोडा. तो क्षणात पसरून शोषला गेला तर पुढे चला. मोत्यासारखा थांबला तर पुन्हा शिजवा. इथे दया दाखवली तर छपाईत ठिपके-ठिपके येतात आणि दोष रंगाला जातो.

## ५. हिरडा

सुताला तुरटी थेट नीट धरत नाही, मध्ये टॅनिन लागतं. लोकर आणि रेशीम यांचं वेगळं, पण या पद्धतीत सुताला हिरडा लागतोच.

बी काढलेल्या हिरड्याची १०० ग्रॅम पूड (कापडाच्या २० टक्के) दोन लिटर कोमट पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी मलमलीतून दोनदा गाळा. गाळ राहिला तर कापडावर तपकिरी कण चिकटतात. त्यात आणखी ८ लिटर पाणी घाला, ओलं कापड बुडवा आणि दोन तास सतत हलवत राहा. घडी एका जागी राहिली तर तिथे पट्टा उमटतो.

बाहेर काढा, हलक्या हाताने पिळा आणि धुवू नका. उन्हात सपाट पसरा, छपाईची बाजू वर. रंग लोण्यासारखा फिका पिवळा येतो आणि ऊन खाल्लं की आणखी गडद होतो.

सावध: हिरडा दिलेलं कापड फार दिवस ठेवू नका, आणि घामाच्या किंवा लोखंडाच्या हाताने तर धरूच नका. कोयती, विळी, नळाची तोटी यांना लागलेला ओला हात कापडावर काळा उमटतो.

## ६. दोन पेस्ट

तुरटीची पेस्ट. १ लिटर गरम पाण्यात १०० ग्रॅम तुरटी विरघळवा. १२ ग्रॅम धुण्याचा सोडा थोड्या पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्याने घाला. भसाभस फेस येतो, म्हणून भांडं मोठं घ्या. सोड्याने तुरटीचा आंबटपणा मोडतो आणि ती सुताला चांगली धरते. थंड झालं की १५ ग्रॅम गवार गम भुरभुरवत, रवीने घुसळत घाला. एकदम ओतला की गाठी होतात आणि मग सुटत नाहीत. अर्धा तास मुरू द्या. दाटपणा आंबोळीच्या पिठासारखा हवा. घावनाच्या पिठासारखं पातळ राहिलं तर चिमूटभर गम वाढवा. शेवटी अगदी थोडा गेरू घाला, तोही फक्त छाप डोळ्याला दिसावा म्हणून.

लोखंडाची पेस्ट. साधारण १ किलो गंजके खिळे-पत्रे, पाव किलो गूळ, ५ लिटर पाणी, प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात. झाकण सैल ठेवा, आत वायू तयार होतो. ऊन लागेल अशा जागी पंधरा ते वीस दिवस. वर फेस येतो, आंबट वास येतो. पाणी गाळा आणि चिंचोक्याच्या पुडीबरोबर मंद आचेवर शिजवून दाट करा. घाई असेल तर १ लिटर पाण्यात २० ग्रॅम हिराकस (लोखंडाचा क्षार, फेरस सल्फेट) विरघळवूनही काम होतं, पण गुळाच्या लोखंडाची रेघ मला जास्त भरीव वाटते.

तपासा: हिरड्याच्या कापडाच्या चिंधीवर लोखंडाच्या पाण्याचा थेंब टाका. तो लगेच काळा पडायला हवा. करडाच राहिला तर आणखी आठवडाभर थांबा.

सावध: जास्त लोखंड सुताला कालांतराने कुजवतं. म्हणून लोखंड रेघेसाठी ठेवा, मोठ्या भरावासाठी नको. हिराकस मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा, तो पोटात जाणं धोक्याचं आहे. पूड मोजताना तोंडाला फडकं बांधा.

दोन्ही पेस्टची भांडी, ब्रश, ट्रे, पुसायची फडकी वेगळी. लोखंडाचा एक चमचा तुरटीत पडला की त्या दिवसाचा लाल रंग गेला.

## ७. छपाई

टेबलावर गोणपाटाचे चार-पाच थर, वर घोंगडी, वर जुनं सुती कापड ताणून बसवा. कठीण पृष्ठभागावर ठशाची फक्त कड उमटते आणि मध्य कोरा राहतो. ट्रेमध्ये स्पंज, त्यावर मलमलीचे दोन थर, त्यावर ब्रशने पेस्ट पसरवा. ठसा पेस्टमध्ये बुडवायचा नाही, मलमलीवर दोनदा हलकेच टेकवायचा.

कापड टाचण्यांनी ताणून बसवा. टाचण्या पितळी किंवा स्टीलच्या, कारण सांगायला नको. सुती दोरा ताणून सरळ रेषा आखा आणि डावीकडून सुरुवात करा. ठसा ठेवा, मुठीच्या टाचेने एकच ठोका, सरळ वर उचला. उचलताना ठसा तिरका झाला की सावली पडते.

आधी लोखंडाची रेघ, ती पूर्ण वाळल्यावर तुरटीचा भराव. उलट केलंत तर ओल्या तुरटीवर लोखंड पसरतं आणि कडा धुरकट होतात. दर पंधरा-वीस छापांनंतर ठसा दातघासणीने धुवून पुसा.

एखादा छाप चुकला तर पुसू नका, पुसल्याने डाग वाढतो. लोखंडाचा ताजा ठिपका असेल तर कापसाने लिंबाचा रस लावून पाहा, तो उतरतो. हीच गोष्ट मुद्दामही वापरता येते. लोखंडाच्या करड्या जमिनीवर डिंकात दाट केलेल्या लिंबाच्या रसाने रेघा ओढल्या की लाटेच्या फेसासारख्या फिक्या कडा मिळतात. काळ्या वाळूच्या पट्ट्यांसाठी मी हेच करते.

## ८. मुरवणं आणि धुणं

छापल्या दिवशी रंगाच्या पातेल्यात घालायची घाई जवळपास प्रत्येक जण करतो. तुरटी धाग्यात बसायला वेळ लागतो. कोरड्या हवेत तीन दिवस, ढगाळ दमट हवेत सहा-सात. हवेशीर खोलीत लटकवा. घडी घालावीच लागली तर मध्ये जुनं सुती कापड ठेवा.

मग जादा रंगबंधक काढायचं. हे चुकलं तर सुटी तुरटी रंगाच्या पाण्यात फिरते आणि कोऱ्या जागेवर बसून सगळी जमीन गुलाबी करते. दर लिटरला ५ ग्रॅम खडूची पूड घातलेलं कोमट पाणी (४५ ते ५० अंश) घ्या. खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. फळ्यावरचा खडू बहुधा जिप्समचा असतो, तो चालत नाही. कापड उघडं पसरूनच पाण्यात सोडा आणि दहा मिनिटं न थांबता हलवा. नंतर भरपूर साध्या पाण्यात, तीन टबांतून, बोटाला गमचा बुळबुळीतपणा लागेनासा होईपर्यंत.

हे पाणी व्हाळात (ओढ्यात) किंवा विहिरीजवळ ओतू नका. लांब खड्डा करून त्यात सोडा.

## ९. रंगाचं पातेलं

आता तुरटीची नक्षी पहिल्यांदा रंगात दिसणार. मंजिष्ठाची २०० ग्रॅम पूड रात्रभर भिजवा, मलमलीच्या पुरचुंडीत बांधा आणि १५ लिटर पाण्यात सोडा. पुरचुंडी सैल बांधा, पूड फुगते. आपल्याकडचं बहुतेक पाणी मऊ असतं आणि मंजिष्ठाला थोडा चुनखडीचा अंश हवा असतो, म्हणून चमचाभर खडूपूड घाला. सोबत मूठभर वाळलेली धायटीची फुलं. राजस्थानातल्या बगरूत छापकाम करणारे याच झाडाची फुलं पातेल्यात घालतात. त्यांनी कोऱ्या जागा स्वच्छ राहतात आणि रंग एकसारखा बसतो. धायटी सह्याद्रीच्या उतारांवर आपल्याकडेही भरपूर आहे.

ओलं कापड थंड पाण्यातच घाला. आच इतकी मंद ठेवा की पाऊण तासात ६० ते ६५ अंशांवर पोचेल, मग तासभर तिथेच ठेवा. पहिली वीस मिनिटं काठीने सतत फिरवत राहा. थर्मामीटर हवाच, अंदाजावर हे जमत नाही.

सावध: मंजिष्ठाला उकळी फुटू देऊ नका. ७० अंशांपुढे तिच्यातले तपकिरी अंश उतरतात आणि विटकरी लालाचा चहा होतो. डाळिंबाच्या सालीला हे बंधन नाही. २०० ग्रॅम साल उकळून, गाळून वापरा.

रंग हवा त्यापेक्षा एक पायरी गडद झाला की थांबा, धुण्यात आणि वाळण्यात तो फिका होतो. पातेल्यातच थंड होऊ द्या, मग खळबळा आणि सावलीत वाळवा. जमीन जास्त तांबूस वाटली तर पुढचे दोन-तीन दिवस सकाळी कापड गवतावर पसरा आणि पाणी शिंपडत ओलं ठेवा. ऊन कोऱ्या जागेवरचा न बांधलेला रंग खातं, तुरटीवरचा राहतो.

## पानांचा थेट छाप

ठसा नसेल तर याने सुरुवात करा. वर सांगितल्याप्रमाणे हिरडा दिलेलं कापड तुरटीच्या पाण्यात (५०० ग्रॅम कापडाला ७५ ग्रॅम तुरटी आणि १० ग्रॅम सोडा) रात्रभर ठेवून पिळून घ्या. कापड दमट हवं, ठिबकणारं नको. सागाची कोवळी पानं, एरंड, लाल पडलेली जंगली बदामाची पानं, सुरूच्या काड्या चांगल्या उमटतात. पानं १ लिटरला २ ग्रॅम हिराकसाच्या पाण्यात दहा मिनिटं बुडवा आणि टिपून शिरांची बाजू खाली करून मांडा. वर दुसरं कापड टाका, बांबूच्या तुकड्यावर घट्ट गुंडाळा, सुतळीने इंच-इंचावर आवळून बांधा आणि मोदकपात्रासारख्या मोठ्या भांड्यात दीड ते दोन तास वाफवा. झाकणाला फडकं बांधा, वाफेचा थेंब पडला की डाग पडतो.

गुंडाळी रात्रभर थंड होऊ द्या. गरम असताना उघडली की छाप अर्धवट राहतो. सैल बांधली की पानाची कड धुरकट येते. सागाचं कोवळं पान जांभळट-लाल देतं, आणि शिरेची जाळी इतकी स्पष्ट येते की बोटाने चाचपून पाहावंसं वाटतं. पावसाळ्यात पानं कोवळी मिळतात, म्हणून जुलैत हे काम करायला हरकत नाही.

## १०. विकण्याआधीची परीक्षा

प्रत्येक घाण्यातून वीतभर तुकडा वेगळा काढा.

*धुणं:* पांढऱ्या सुती चिंधीला शिवून साध्या साबणात धुवा. चिंधी रंगली तर खळबळणं कमी पडलंय.

*ऊन:* अर्धा तुकडा जाड पुठ्ठ्याने झाकून खिडकीत पंधरा दिवस. झाकलेल्या आणि उघड्या भागात पाहताक्षणी फरक दिसला तर तो रंग कपड्याला नको, उशीच्या खोळीलाही नको.

*घाम:* मिठाच्या पाण्यात भिजवून, पांढऱ्या चिंधीत दाबून रात्रभर. किनाऱ्यावरच्या हवेत ही परीक्षा उन्हाइतकीच महत्त्वाची आहे.

*आंबट:* काळ्या रेघेवर सोलकढीचा थेंब. रेघ फिकी पडते, आणि ती पडणारच, कारण आंबट लोखंड सोडवतं. हा दोष काढता येत नाही, पण गिऱ्हाइकाला आधी सांगता येतो. मी प्रत्येक पदराला चिठ्ठी टाचते: साध्या साबणात, गार पाण्यात, वेगळं धुवा, सावलीत उलटं वाळवा, सोलकढी-लिंबू सांडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा. चिठ्ठीला टाचणी नाही, दोरा.